पाठचा भाऊ

“तुमचे भाऊ इतकी वर्षं होते कुठे हो, ताई?”

वरच्या मजल्यावरच्या नर्सने जिन्यात सहज विचारलं, तेव्हा ताईच्या हातात ओल्या कपड्यांची बादली होती.

“बोटीवर होता. नोकरीला,” ती म्हणाली.

“तरीच! कधी दिसले नाहीत,” असं म्हणत नर्स वर गेली.

बोटीवर नाही, तो तुरुंगात होता. कारखान्यात चारचौघांत आपल्याला हसला, एवढ्यावरून त्याने सोबतच्या सुताराच्या डोक्यात हातोडा घातला होता. सुतार जागच्या जागी गेला. त्या धसक्याने आईने अंथरूण धरलं, ती पुन्हा उठलीच नाही. पुढे चांगल्या वागणुकीमुळे त्याला मुदतीआधी, अटींवर सोडायचं ठरलं. पण घरच्या कुणीतरी त्याची हमी घ्यायला हवी होती.

“विस्तव पदरात बांधून घेतेयस,” नवरा म्हणाला.

“पाठचा भाऊ आहे माझा. मी नाही तर कोण घेईल?”

आणि खरोखरच तो गायीसारखा वागला. तुरुंगात खुर्च्या विणायला शिकला होता. दारात बसून गल्लीभरच्या मोडक्या खुर्च्या विणायचा, भाचीला शाळेत सोडायचा, चौकीवरची हजेरी कधी चुकवत नसे. पुढेपुढे नवराच पाहुण्यांना सांगू लागला, “आमच्या मेहुण्याचा हात बघा जरा!” ताई मनातून सुखावायची.

नर्सची खुर्चीही त्यानेच विणली. पैसे घेतले नाहीत. मग तो बसथांब्यावर तिची वाट पाहू लागला. तिच्यासाठी एक लहानसं स्टूल विणलं, तेही कुणी न मागता.

एका संध्याकाळी तो बाहेर गेलेला असताना नर्स ते स्टूल घेऊन खाली आली. “ताई, हे ठेवून घ्या. दादा चांगले आहेत हो, पण माझं लग्न ठरलंय. मी त्यांना सांगितलं तसं. अगदी हसून, वाईट वाटू नये म्हणून.”

‘बाई गं, चार दिवस वडिलांकडे जाऊन राहा,’ हे शब्द ताईच्या अगदी ओठांवर आले होते. पण का, म्हणून तिने विचारलं असतं. मग त्या बोटीचं काय सांगायचं? आणि दोन वर्षांत त्याने कमावलेलं सगळं एका वाक्यात मातीत घालायचं?

“मी बोलते त्याच्याशी,” एवढंच ती म्हणाली.

रात्री तो ताटावर नुसताच बसून होता.

“काय झालं रे?”

“हसली ती मला.”

सुताराच्या वेळी पोलिसांपुढे तो हेच म्हणाला होता. ताई घाईने म्हणाली, “अरे, चांगल्या मनाने हसली ती. तुझा मान ठेवला तिने.”

“हो,” तो म्हणाला, आणि मुकाट्याने जेवला. भाचीची वेणीसुद्धा सोडून दिली. वादळ टळलं, असं ताईला वाटलं. वाटून घेतलं तिने.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॉन्ड्रीत ती चादरींना इस्त्री करत होती. मालक आत आले आणि तिच्या हातातली इस्त्री काढून घेत म्हणाले, “घरी जा.”

जिन्याच्या खालच्या पायरीवर तो दोन पोलिसांच्या मध्ये बसला होता. कप फुटल्यावर लहानपणी बघायचा, तसंच त्याने वर पाहिलं. “ताई, पुन्हा झालं गं माझ्या हातून.”

ती त्याच्याकडे न बघता वर धावली. दारातच तिला अडवण्यात आलं.

नर्सचे वडील सामान न्यायला आले ते एकटेच. नवरा म्हणाला, “दार लावून घे, समोर जाऊ नकोस.” ती गेली. म्हातारा रिकाम्या खोलीत टेबलापाशी उभा होता.

“मी त्याची बहीण.”

त्याने मान हलवली. मग म्हणाला, “माणूस ओळखायची हो ती. दवाखान्यात सगळे म्हणायचे. मग याच्या बाबतीत कशी फसली?”

“तिने मला विचारलं होतं,” ताई म्हणाली. “मी खोटं सांगितलं.”

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तो ओरडेल, हात उगारेल, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर बरंच झालं असतं. त्याने फक्त टेबलाची एक बाजू धरली. ते एकट्याला उचलेना.

ताईने पुढे होऊन दुसरी बाजू धरली. तो नको म्हणाला नाही. दोघं पायरी पायरी उतरू लागली. ती पुढे, उलट्या पावलांनी. जिना वळतो तिथे म्हातारा थांबला. त्याला धाप लागली होती.

“सावकाश,” तो म्हणाला. “मागे भिंत आहे.”