एका नमस्काराने केलेला घात

मी एक जुनी, बारीक नळीची छऱ्यांची बंदूक आहे, मित्रांनो. जपानमधल्या इवातेच्या डोंगरात राहणाऱ्या तोकुजी आजोबांनी मला चाळीस वर्षं वापरलं. त्यांच्या गालानं माझा लाकडी दस्ता गुळगुळीत झालाय. थंडीत शिकार, उन्हाळ्यात नेमबाजीच्या मैदानावर हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या. "चण आहे लहान, पण नेम बघा!" असं लोक म्हणायचे, तेव्हा मी फुलून जायचे. खोटं कशाला बोलू?

मग आजोबांची नजर अधू झाली. त्यांचा परवाना हिवाळ्याच्या तोंडाशी संपणार होता. तोवर घरातल्या दुसऱ्या कुणाला तो मिळाला नाही, तर पोलीस चौकीत जमा करून मला कापून टाकणार होते. माझं तर धाबंच दणाणलं.

"मामंजी, मी शिकते," सून किनुए म्हणाली. दहा हिवाळे आजोबांसाठी झुडपांतून पक्षी तिनंच उठवले होते.

"तू? मुळा चिरताना बोट कापून घेतेस!"

"बोट माझं, मुळा तुमच्या ताटातला. शिकवा."

परवान्याशिवाय तिनं मला हात लावणंही गुन्हा. म्हणून आजोबांनी कुदळीचा दांडा दिला. दांडा खांद्याला, गाल दांड्याला. अंगणातल्या पाकोळ्यांमागे ती तो फिरवायची.

"पक्ष्याच्या पुढे धर! तो काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

परवान्याच्या परीक्षेला मैदानावरची बंदूक होती. मी आजोबांच्या हातावर, उघडी आणि रिकामी. किनुएनं सहापैकी चार तबकड्या फोडल्या. तेवढ्यात परीक्षक मागून म्हणाले, "पाय जरा जवळ घ्या." आणि घात झाला. वडीलधारं माणूस बोललं की त्याच्याकडे तोंड करून वाकायचं, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही कळतं. किनुए भरल्या बंदुकीसकट वळली आणि कमरेत वाकली. नळी थेट परीक्षकांच्या पायांवर. ती नापास झाली.

घरी येऊन ती ढसाढसा रडली. "मीच तुमची बंदूक कापायला दिली, मामंजी!"

"अजून एक परीक्षा आहे. ऊठ, दांडा घे."

आता आजोबा तिच्या मागे उभे राहू लागले. "किनुए, चहा!" ती हटकून वळायची.

"मेलो मी," आजोबा म्हणायचे. "आता कोण पितंय चहा?"

दिवसातून वीसदा ते मरायचे. सासऱ्याला पाठ दाखवून उत्तर द्यायचं म्हणजे तिचे कान लाजेनं लाल व्हायचे.

दुसऱ्या परीक्षेला परीक्षकांनी मुद्दाम मागून हाक मारली. किनुएची नळी आभाळाकडेच राहिली. पाठ न वळवता ती म्हणाली, "ऐकतेय, साहेब." आजोबा मला हातावर घेऊन तिच्या मागेच उभे होते. आणि मग, मित्रांनो, त्या मानी म्हाताऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा सुनेपुढे मान लववली, तीही तिच्या पाठीला. तिला ते कळलंसुद्धा नाही. मला फार भरून आलं.

आज मी किनुएची आहे. मला पुसा, तेल द्या, कुलपात ठेवा. पण हातात घेतलीत, तर आधी माझं तोंड कुठं आहे ते बघा. मला रिकामी करून खाली ठेवा, आणि मग हवं तेवढं वाका. खोळंबलेल्या नमस्कारानं कुणी मरत नाही.