दोन बोटांची फट

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. सध्या छप्पर म्हणून कामाला आहे. खिडकीचे छप्पर होणे ही बढती की बदली, हे मला अजून कळलेले नाही. पण उताणी पडून दिवसभर आभाळ बघायला मिळते, त्यामुळे माझी तक्रार नाही.

मला एका सुताराने घडवले. लाकूड चांगले, काच बरी आणि बिजागऱ्या पहिल्या दिवसापासून कुरकुरणाऱ्या. एका शिंप्याने मला आपल्या दुकानाला बसवले. रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस माझ्या काचेत बघून भांग सारखा करायचा आणि आपण आतले कापड बघत होतो असा चेहरा करून पुढे जायचा. माझे कौतुक व्हायचे ते एवढेच, पण रोज व्हायचे.

शिंपी हाताचा पक्का होता. शर्ट तयार झाला की गिऱ्हाइकाला गळ्यापर्यंत बटणे लावायला सांगायचा, मग कॉलरमध्ये आपली दोन बोटे घालून बघायचा. "दोन बोटं जायलाच हवीत," तो म्हणायचा. "श्वास माणसाला घ्यायचा असतो, शर्टाला नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले, की काचेला पाठ झाले.

पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले, शिंप्याचे डोळे अधू झाले आणि दुकान बंद झाले. मशीन कुणीतरी नेले, आरसा कुणीतरी नेला. मला कुणीच विचारले नाही, म्हणून शिंप्याने मला घरी आणले आणि परसात भिंतीकडे तोंड करून उभे केले. बाहेर बघणे एवढाच जिचा धंदा, तिला ही शिक्षा फार झाली. माझ्या पाठीवर गोगलगायी हिंडत आणि शिंप्याची बायको ओले पोतेरे वाळत घाली.

मग एका वर्षी, थंडी सुरू होताना, शिंप्याची थोरली बहीण कुंडीतले लिंबाचे झाड घेऊन आली. तिचे यजमान आदल्या वर्षी गेले होते. ती हिवाळाभर लेकीकडे, बाळंतपणासाठी निघाली होती.

"अरे, हे तुझ्याकडे ठेवते," ती म्हणाली. "ह्यांनी बी रुजवून वाढवलंय."

"ताई, तू अजिबात काळजी करू नकोस."

"झाडाची नाही करत. तुझी करते. लहानपणी तू मांजराच्या पिलाला स्वेटर घातला होतास, आठवतंय?"

"थंडी होती."

"ते पिलू नंतर शेजाऱ्यांकडे राहायला गेलं."

ताई गेली. शेजारच्या प्लंबरने कुंपणावरून मान लांब करून झाड पाहिले आणि म्हणाला, "लिंबू? या थंडीत? गेलं समजा." त्याला काहीतरी बोलायचे होते, एवढेच. पण शिंप्याने ते मनावर घेतले. दाजींच्या हातचे ते शेवटचे झाड होते. ते गेले तर ताई एक शब्द बोलणार नव्हती, आणि शिंप्याला त्याचीच धास्ती होती.

त्याने ग्रीनहाऊस बांधायला घेतले. ऊन येणाऱ्या भिंतीला लागून विटांचा थर, त्यावर लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, बाजूंना जाड पारदर्शक प्लॅस्टिक, आणि वर उतरते छप्पर म्हणून मी. दिवसा तापून रात्री ऊब द्यावी म्हणून पाण्याचे डबे काळे रंगवून आत ठेवले. फळीवर टोमॅटोची रोपे आणि कोथिंबीर, मधोमध लिंबू. इथवर सगळे शहाण्यासारखे झाले.

मग शिंप्याला फटी दिसू लागल्या. त्याने प्लॅस्टिकच्या कडा दुहेरी दुमडून शिवल्या. दाराला फोमची पट्टी लावली. विटांच्या सांध्यांत कापडाच्या चिंध्या कोंबल्या. शेवटी त्याने मला चार खिळे ठोकले आणि कडेने चिकटपट्टी फिरवली.

"आपल्या खोलीच्या दारातून वारा येतो," त्याची बायको म्हणाली, "ते तीन वर्षं सांगतेय मी."

"तुला शाल आहे," शिंपी म्हणाला.

मित्रांनो, पहिले काही दिवस छान गेले. नंतर माझ्या काचेला आतून घाम फुटला. सकाळी थेंब, दुपारी थेंब, संध्याकाळी तेच थेंब झाडांवर. कोथिंबिरीवर करडी बुरशी आली. टोमॅटोची रोपे देठाशी कुजून आडवी झाली. लिंबाची पाने पिवळी पडून गळू लागली. पाने गळतात म्हणजे गारठा लागतोय, असे समजून शिंप्याने आत दिवा लावला आणि माझ्यावर गोधडी घातली. आता मला आभाळही दिसेना.

गळलेली पाने तो बायकोच्या नकळत खिशात घालायचा. ताईचा फोन आला तेव्हा खिसा फुगलेला होता.

"कसं आहे रे झाड?"

"उत्तम," शिंपी म्हणाला.

आमची सुटका धुण्यामुळे झाली. बाहेर कपडे वाळत नव्हते, म्हणून बायकोने दोरी आत बांधली. दुसऱ्या दिवशी ती कपडे काढायला आली, चष्म्यावर वाफ धरली म्हणून तिने तो पदराने पुसला, परत वाफ धरली. तिने टॉवेल पिळला. पाणी निघाले.

"अहो, इकडे या. मी हा पिळून घातला होता. आता घातला त्याहून ओला आहे."

"आत ऊब आहे."

"ऊब नाही, दमटपणा आहे. झाड थंडीनं नाही मरत. गुदमरतंय. वरची खिडकी उघडा."

"एवढ्या कष्टानं कोंडलेली ऊब सोडून देऊ?"

बायकोने पुढे होऊन त्याच्या शर्टाचे गळ्याजवळचे बटण लावले आणि कॉलरमध्ये दोन बोटे घातली. "ही जागा कुणासाठी ठेवता हो? जन्मभर ज्याला त्याला सांगत आलात. लिंबानंच काय घोडं मारलंय?"

खिशातली पाने काढून शिंप्याने फळीवर ठेवली. मग माझ्यावरची गोधडी आणि चिकटपट्टी काढली, पक्कड आणली आणि माझे चारही खिळे उपटले. मी उघडले तेव्हा जो आवाज झाला, त्याने प्लंबर घराबाहेर आला. शिंप्याने माझ्या चौकटीत बोटे घालून माप घेतले आणि तेवढ्या जाडीचे दोऱ्याचे रिकामे लाकडी रीळ फटीत बसवले. ऊन वर आले की रीळ लावायचे, ऊन कलायच्या आत काढायचे, असा नेम ठरला. थेंब गेले. लिंबू मात्र बरेच दिवस नुसती काडी होऊन उभे होते, आणि शिंपी रोज त्याच्यासमोर उभा राहायचा. दोघांत जास्त वाळलेले कोण, हे सांगणे अवघड होते.

थंडी ओसरताना ताई आली. झाडाला तेव्हा जेमतेम पाच-सहा कोवळी पाने होती. फोनवरचे 'उत्तम' खोटे होते, हे शिंप्याने कबूल केले. ताईने ग्रीनहाऊस आतून-बाहेरून पाहिले.

"हे सगळं लिंबासाठी बांधलंस?"

"मग? थंडीत उघड्यावर ठेवू?"

"आमच्याकडे व्हरांड्यातच असायचं. फार गारठा पडला तर हे वरून गोणपाट टाकायचे."

बायकोला ठसका लागला. ती पाणी प्यायला आत गेली आणि बराच वेळ पीत राहिली.

ताईने एक पान चुरगळून हुंगले. मग बोटाने कुंडीतली माती चाचपली. शेवटी ती म्हणाली, "राहू दे इथंच. मी आता लेकीकडेच राहणार. तिच्याकडे खिडक्या पुष्कळ आहेत, पण आईला वारा लागेल म्हणून सगळ्या लावून घेते. फार जपते मला."

तिने हात वर करून माझ्या फटीत दोन बोटे घातली. बाहेरचा वारा त्यांना लागला.

"असं रीळ आणखी आहे का रे?"

शिंप्याने घरात जाऊन तिला एक रीळ आणून दिले. तिने ते पिशवीत तळाशी, घडी केलेल्या लुगड्यांखाली ठेवले.

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. ज्याला जपाल, त्याच्या खिडकीला खिळे ठोकू नका. दोन बोटे जागा ठेवा. आणि जमल्यास माझ्या बिजागऱ्यांना थोडे तेल घाला. हे मी केव्हाची सांगते आहे, पण खिडकीतून सगळे ऐकतात, खिडकीचे कुणी ऐकत नाही.