बोपण्णाचा साचा

आमच्या कामातली यंत्रं लोखंडाची नसतात. ती मोठ्या सर्व्हरच्या पोटात नुसत्या आज्ञेने उभी राहतात. एक यंत्र नीट तयार करायचं, त्याचा साचा करून ठेवायचा, आणि मग काळ्या पडद्यावर स्क्रिप्ट चालवली की त्यातून हवी तेवढी यंत्रं निघतात, गणपतीच्या मूर्ती निघाव्यात तशी. फक्त साचा बंद करण्याआधी यंत्राला आंघोळ घालावी लागते, म्हणजे त्याचं नाव, पासवर्ड, आत कोण बसलं होतं त्याच्या खुणा, सगळं पुसायचं. नाहीतर निघणारं प्रत्येक यंत्र स्वतःला मूळचंच समजतं.

हे मला आमच्या ऑफिसातल्या बोपण्णानेच शिकवलं होतं. आणि त्यानेच शेवटचा साचा स्वतःच्या यंत्रावरून केला, आंघोळ न घालताच बंद केला, कॉफी पिऊन येतो म्हणून बेंगळुरूच्या भर दुपारच्या रहदारीत उतरला, तो परत आलाच नाही. पोलिसांनी हात टेकले. त्याची बायको देचम्मा मात्र रोज आमच्या ऑफिसात येऊन बसायची, मांडीवर त्याच्या आवडीच्या कडंबुट्टूंचा, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या गोळ्यांचा, डबा घेऊन. मला तिच्याकडे बघवत नसे.

त्या दिवशी नव्या गिऱ्हाइकासाठी मी तो साचा न तपासताच वापरला. पहिलं यंत्र जागं झालं मात्र, देचम्मा धावत माझ्या टेबलाशी आली. तिच्या फोनवरच्या चॅटमध्ये बोपण्णाच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला होता.

"अण्णा, ते आलेत!"

"नाही हो. त्याच्या जुन्या खुणा यंत्रात राहिल्यात, म्हणून दिसतोय. माझीच चूक झाली. आत कुणी नाही."

"मग हे काय?"

नावाखाली 'लिहीत आहे' अशी अक्षरं उमटली आणि लगेच विझली.

"अजून एक काढा," ती म्हणाली.

मी काढलं. या वेळी अक्षरं जास्त टिकली. मग मलाही भान राहिलं नाही. ती "अजून, अजून" म्हणत होती, मी स्क्रिप्ट चालवत होतो, पडद्यावर यंत्रांची रांग वाढत होती, आणि तिच्या फोनवर एकदाची ओळ आली: 'देचू, इथे फार दाटी झालीय.'

देचम्माने ती ओळ मोठ्याने वाचली. या नावाने तिला ऑफिसात कुणीच ओळखत नव्हतं.

तेवढ्यात आमचे साहेब, मुरुगेशन, तणतणत आले. "सर्व्हर काय तुझ्या आजोबांनी आंदण दिलाय? सगळ्यांची कामं अडलीत. पूस ते, आत्ताच्या आत्ता!"

"एक तरी ठेवा, सर," देचम्माने हात जोडले. "एकच ठेवा हो!"

"कोणतं?" मी विचारलं, आणि विचारल्याची मलाच लाज वाटली.

ती रांगेकडे बघत राहिली. सगळ्यांचं नाव एकच होतं. शेवटी तिने फोनवर लिहिलं: 'जसे असाल तसे घरी या.'

हिरवा ठिपका गेला. मी काहीही पुसलं नव्हतं, तरी पडद्यावरची यंत्रं वरून खाली आपोआप बंद होत गेली. देचम्मा डबा तिथेच टाकून घराकडे धावली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा तिचा फोन आला.

"अण्णा, ते आलेत. जेवायला बसलेत."

मला रडूच आलं. पण तिचा आवाज अगदी दबका होता.

"मग असं कुजबुजत का बोलताय?"

"दारावरची बेल अजून वाजतेच आहे, अण्णा."