कबरीचे दात

पहाटे पितांबर गुरांना चारा टाकायला उठला आणि माजघरात कणगीपाशी थबकला. हा एवढा थोरला उंदीर चारी पाय ताणून पडलेला, आणि शेजारी कबरी मांजर पाय पोटाशी घेऊन बसलेली. पितांबर खूश झाला. त्याने मांजरीच्या डोक्यावरून हात फिरवला, उंदीर शेपटीला धरून उचलला आणि मागच्या दाराने उकिरड्यावर भिरकावला.

"माय, तुनी कबरीनी आज मोठा उंदीर मारा," चुलीपाशी येऊन तो म्हणाला.

भिकुबाई चूल पेटवत होती. फुंकणी तिच्या हातात तशीच राहिली. "हात धू आधी," ती एवढंच म्हणाली, आणि राख घेऊन स्वतः त्याच्या हातावर पाणी घालायला उठली. पितांबरला हसू आलं. उंदराला हात लावला म्हणून माय इतकी कधी घाबरली नव्हती.

म्हातारी घाबरली त्याला कारण होतं. कबरीच्या तोंडात एकही दात नव्हता. उंदीर राहू द्या, भिजवलेली भाकर कुस्करून घातली नाही तर ती उपाशी राहायची. ऐकू कमी, एका डोळ्यावर पडदा आलेला. आणि दातांची गोष्ट साऱ्या गावात एकट्या भिकुबाईला ठाऊक होती. मांजरीचं तोंड उघडून बघतंय कोण?

आता तिला एकटीलाच का ठाऊक, तेही सांगायला हवं. वर्षामागे सून ताईबाईने तक्रार केली होती, की हे मांजर नुसतं खातं नि झोपतं, आणि घरात तर दूध लेकराला पुरत नाही. तिचंही काही चूक नव्हतं म्हणा. पितांबर दोघींच्या मध्ये सापडला. शेवटी त्याने निवाडा केला: उंदीर मारते तोवर राहू दे, मारायची बंद झाली की पोत्यात घालून तापीपार. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं म्हणतात, तापीपार सोडलं तर काही वाहावं लागत नाही. माणसाला पापातून वाट काढायची अक्कल फार.

नवरा गेल्यावर भिकुबाईच्या पायाशी झोपणारं त्या घरात तेवढं एकच उरलं होतं. तिने कणगीमागे लाकडी सापळा लावला. वरचा दगड पडून उंदीर दबला, की पहाटे उठून तो काढायचा आणि कबरीच्या पुढ्यात ठेवायचा. कबरी त्याला हुंगायची आणि तोंड फिरवायची. तोवर पितांबर उठलेला असायचा. चावडीवर बसून तो आपल्या मांजरीची बढाई मारायचा, आणि भिकुबाई गालातल्या गालात हसायची.

आज मात्र ती सापळा बघून आली. दगड वरच होता. उकिरड्यावर जाऊन काठीने तो उंदीरही उलटा-पालटा करून आली. कुठे ओरखडा नाही, मान दबलेली नाही, फक्त तोंडाशी रक्ताचा एक थेंब.

त्या वर्षी शिंदखेड्याकडून गाठीची मरी, म्हणजे प्लेग, पुन्हा गावोगाव सरकत येत होती. रीत पोराबाळांनाही पाठ होती. घरात उंदीर न मारता मेला, पडला, की पाटलाला सांगायचं आणि सगळी गल्ली रिकामी करून माळावर झोपड्यांत जायचं. मागच्या मरीत भिकुबाईच्या नवऱ्याने एक दिवस उशीर केला होता. ज्वारी कणगीत भरून होऊ दे म्हणाला. कणगी भरली आणि भरणारा गेला.

त्याच कणगीपासून दोन हातांवर ताईबाई दीड वर्षाच्या लेकराला कुशीत घेऊन निजली होती. भिकुबाई दारात उभी राहून त्या दोघांकडे बघत राहिली. सांगावं तर कबरी गेली. न सांगावं तर काय काय जाईल, ते तिला मोजवेना. कबरी येऊन तिच्या पायाला अंग घासू लागली, आणि म्हातारीने तिला उचलायला खाली केलेला हात मागे घेतला.

खोटं बोलायची एकदा सवय लागली की माणूस आधी तिकडेच वळतं. तिने ताईबाईला उठवून लेकरासकट अंगणात बसवलं आणि पितांबरला म्हणाली, "रातले सपनमा देवी उनी. घर सोड म्हने."

पितांबरने तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. माजघरात छतापर्यंत कापूस भरलेला, धुळ्याच्या दलालाच्या गाड्या दोन दिवसांत यायच्या होत्या. "देवी कापूस उचलाले येई का, माय?" म्हणाला आणि गोठ्याकडे निघाला.

इतक्यात शेजारचा झुलाल आला. दोन्ही घरांच्या मध्ये एकच भिंत. त्याची आई भागाबाई ही भिकुबाईची जन्माची सोबतीण, दोघी एकाच गावच्या लेकी आणि एकाच वर्षी या गावात नांदायला आलेल्या.

"पितांबर, उंदीर पडना का रे तुना घरमा?" झुलालचा चेहरा उतरला होता. "उकिरडावर दखा मी."

"पडना नही, मारा. मनी कबरीनी मारा."

झुलालने सुटकेचा श्वास टाकला. "मंग बरं. मनी माय तर गाठोडं बांधीसन बसनी. सांगस तिले, सोड म्हनीसन." आणि तो परत वळला.

भिकुबाईच्या डोळ्यांपुढे भागाबाई आली, ओट्यावर गाठोडं घेऊन बसलेली. आता ती ते सोडणार, आतली भांडी पुन्हा मांडणीवर लावणार आणि त्या भिंतीला टेकून दळायला बसणार. का, तर कबरी उंदीर मारते म्हणून. एक खोटं आपल्या घरापुरतं बोललो होतो, ते भिंत ओलांडून पलीकडे कधी गेलं ते तिला कळलंच नव्हतं. तरीही तोंड उघडेना. ती चुलीपाशी गेली, भाकरी थापली, ती करपली, दुसरी थापली. कबरीसाठी वाटीत तुकडा भिजत घातला. उन्हं ओट्यावर आली तेव्हा पलीकडून भागाबाईच्या जात्याची घरघर सुरू झाली. मग मात्र ती तशीच पिठाच्या हाताने बाहेर आली.

"पितांबर, पाटलाले बलाव. कबरीनी नही मारा."

"मंग कोनी मारा?"

"कोनीच नही. पडना."

पाटील आला, झुलाल आला, गल्लीतली चार माणसं जमली. भिकुबाईने सापळा आणून ओट्यावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता पितांबरचा चेहरा लाल झाला. वर्षभर चावडीवर बढाई मारणारा माणूस तो, चारचौघांत असा उघडा पडला.

"सकायले देवी, आते सापळा," तो म्हणाला. "तू खोटं बोलस, माय. तुले माळावर जानं शे, म्हनीसन बोलस."

झुलालही म्हणाला, की म्हातारीला मागच्या मरीची धास्ती बसलीय. पाटील विचारात पडला. पन्नास घरांची गल्ली थंडीच्या दिवसांत, कापूस घरात टाकून, एका उंदरापायी बाहेर काढायची, आणि तीही अशा बाईच्या सांगण्यावरून जी आत्ताच वर्षभर खोटं बोलल्याचं कबूल करतेय. त्याचा पाय निघण्यासाठी वळलेला भिकुबाईने बघितला.

ती आत गेली आणि कबरीला घेऊन आली. ओट्यावर मांडी घालून बसली, मांजर मांडीत घेतलं. कबरी लगेच घुरघुरायला लागली. बाजारात बैल घेताना त्याचा जबडा जसा धरतात तसा भिकुबाईने दोन बोटांनी तिचा जबडा धरला. आधी कबरीला वाटलं, घास येतोय. तिने आपणहून तोंड उघडलं. घास आला नाही, बोटं आत शिरली, ओठ मागे ओढले गेले, तेव्हा ती बिचकली. मग धडपडली. पंधरा वर्षांत ज्या हाताने तिला कधी दुखवलं नव्हतं तो हात तिला कळेना. शेवटी तिने अंगातली सगळी ताकद लावून भिकुबाईच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला.

"दखा," भिकुबाई म्हणाली.

तिने अंगठा बाहेर काढून सगळ्यांपुढे धरला. नुसती लाळ होती. साधा ओरखडाही नव्हता. तिने पुन्हा कबरीचे ओठ वर करून गुलाबी रिकाम्या हिरड्या पाटलाला दाखवल्या, पितांबरला दाखवल्या, झुलालला दाखवल्या. पाटील सगळ्यांत आधी ओट्यावरून खाली उतरला आणि दवंडीवाल्याला हाक मारायला गेला. कबरी मांडीतून उडी मारून घरात पळाली.

दुपारपर्यंत गल्ली रिकामी झाली. कापूस राहिला, ज्वारी राहिली. भिकुबाईने कबरीला टोपलीत घालून वर लुगडं टाकलं होतं, पण पाटलाने वेशीत ते उचलून बघितलं. उंदराजवळ रात्रभर बसलेलं मांजर झोपड्यांत येऊ देणार नाही, म्हणाला. भिकुबाईने पितांबरकडे बघितलं. तापीपारचं नाव त्याने काढलं नाही. "ठेव, माय," एवढंच तो हळू म्हणाला. तिने परत जाऊन कबरीला ओट्यावर सोडलं, भाकरीची वाटी ठेवली आणि मागे न बघता निघाली. कबरी तिच्या मागे चार पावलं आली, मग बसली. मांजर घर सोडत नाही.

माळावर रोज सकाळी भिकुबाई आधी पितांबरच्या काखा चाचपायची, मग लेकराच्या, मग ताईबाईच्या. पितांबरने तो उंदीर हाताने उचलला होता, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. तो चिडायचा, पण हात वर करायचा. मग ती वाटी घेऊन नाल्यापर्यंत जायची. पलीकडे जायची बंदी होती. तिथे पहाऱ्यावर असलेला जागल्या भला माणूस, तो वाटी ओट्यावर नेऊन ठेवायचा. नाल्यावरून ओटा दिसायचा आणि ओट्यावर कबरी. भिकुबाई हाक मारायची. बहिऱ्या मांजरीला ती कुठून ऐकू येणार?

एके दिवशी जागल्या वाटी भरलेलीच परत घेऊन आला. गळ्याखाली गाठ होती म्हणाला. काठीने ओढून उकिरड्यावर नेली, आता जाळायची. भिकुबाई नाल्यावर उभी राहिली. धूर वर येईपर्यंत थांबली आणि वाटी घासून घेऊन झोपडीत आली.

ती रडली नाही. रडणार कुठे? भागाबाई माळावर आल्याच्या दुसऱ्या रात्रीपासून तापाने फणफणली होती. पलीकडच्या झोपडीत वैद्याचा काढा चालला होता. झुलाल भिकुबाईशी बोलत नव्हता. सकाळीच खरं सांगितलं असतं तर माय जात्यावर बसली नसती, असं तो लोकांजवळ बोलला, आणि ते तिच्यापर्यंत पोचलं होतं. माणसं मरत असताना मांजरीसाठी डोळे पुसणारी बाई लोकांना वेडीच दिसली असती. ती भाकरी थापत राहिली, आणि ताईबाई मधूनमधून तिच्याकडे बघत राहिली.

भागाबाई त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी गेली. बाया झोपडीपासून लांब, बाभळीखाली बसल्या. मरीत जवळ जाता येत नाही, रडायचं तेही अंतर ठेवून. भिकुबाई येऊन बसली आणि तिच्या तोंडून असा हंबरडा फुटला की बाकीच्या बाया गप्प झाल्या. "माय वं, तुना जबडा धरा मी," ती म्हणत होती. "घास नही दिधा, जबडा धरा." बायांना अर्थ लागेना. दुःखाने म्हातारीचं डोकं फिरलं, असं त्या एकमेकींना म्हणाल्या. ताईबाईने लेकरू दुसरीच्या हातात दिलं, सासूच्या पुढ्यात येऊन बसली आणि तिचं तोंड आपल्या खांद्यावर दाबून धरलं, म्हणजे शब्द कुणाला ऐकू जाणार नाहीत.

"रडी ल्या, आत्याबाई," ती कानाशी म्हणाली. "माले माहीत शे. कोनले सांगस नही मी."

जरा वेळाने झुलाल पाण्याचा तांब्या घेऊन आला. लाल डोळे, मुंडण अजून व्हायचं होतं. कितीतरी दिवसांनी तो तिच्याशी बोलला. "मावशी, मनी मायवर इतला जीव व्हता तुना?"

भिकुबाईने त्याच्याकडे बघितलं. पुन्हा खोटं बोलायचं नाही, असं तिने ओट्यावरच ठरवलं होतं. आपण कुणासाठी रडलो ते खरं सांगावं, म्हणून तिने तोंड उघडलं. भागाबाईसाठी रडलो की कबरीसाठी, हे तिचं तिलाच आता सांगता येईना. समोर आईवेगळा झालेला पोर तांब्या धरून उभा होता.

"व्हता, भाऊ," ती म्हणाली, आणि पाणी प्याली.