चारवर भाडेकरू, सहावर घरमालक

मी आकड्यांचा पॅड बोलतोय. कीबोर्डाच्या उजव्या अंगाला शून्य ते नऊचा चौकोनी तुकडा असतो ना, तो मी. डावीकडची अक्षरं माझे भाऊबंद. भाऊबंदांचं काय सांगायचं? जागा सगळी त्यांना, कोपरा मला.

कारखान्यात जन्मलो, खोक्यात पडलो. वाटलं, एखाद्या मोठ्या हापिसात जाऊ, रुबाबात आकडे मारू. आलो कुठं? एका नवरा-बायकोच्या टायपिंगच्या दुकानात. एक टेबल, एक कॉम्प्युटर, गिऱ्हाइकांना एक बाक. सकाळी बाई बसते, दुपारनंतर मालक.

ते ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहितात त्यात एक भलतीच सोय आहे. माझ्या बटणाला हवे ते शब्द लावता येतात. सात दाबलं की सात उमटत नाही, 'आपला विश्वासू' उमटतं. जन्म आकड्यांसाठी, आणि आकडे सोडून सगळं मारतो! असलं नशीब.

मांडणी बाईनं बसवलेली. चारवर 'भाडेकरू', सहावर 'घरमालक'. पाचला काहीच नाही. त्याच्यावर बारीक उंचवटा असतो, ते नुसतं बोट टेकवायला. तिथं बोट लागलं की बाकीची बटणं तिला न बघता सापडतात. भाड्याचे करार तर ती गप्पा मारत मारते.

पण मालकाला चांगलं चाललेलं बघवतंय होय? एका दुपारी "माझ्या हाताला असं बरं पडतं" म्हणून त्यानं चार आणि सहाची अदलाबदल केली. बायकोला सांगितलं? छे! सांगितलं असतं तर नवरेपणाला डाग लागला असता.

दुसऱ्या सकाळी बाईनं सपासप करार मारला. गिऱ्हाईक घेऊन गेलं, आणि दुपारी बाई घरी निघायच्या बेतात असताना बोंबलत परत आलं. करारात काय, तर घरमालकानं दर महिन्याला भाडेकरूला भाडं द्यायचं, आणि त्याला विचारल्याशिवाय भिंतीत खिळा ठोकायचा नाही!

मालक भडकला. स्वतःवर? खुळे की काय तुम्ही! बायकोवर. भरल्या बाकासमोर.

"डोळे काय गहाण ठेवलेस?"

बाईनं चार दाबलं. सहा दाबलं. कळलं तिला. पर्स उचलली आणि घरी गेली.

मग अबोला. सकाळी यायची, काम करायची, मालकाचा डबा टेबलावर आदळायची आणि जायची. अशातच एका दुपारी नळाचा अर्ज लिहायला गवंडी आला. अर्जाच्या शेवटी मालकानं ऐटीत सात दाबलं. पडद्यावर उमटलं, 'चूक कुणाची होती?'

गवंड्यानं एकेक अक्षर लावून वाचलं. "मालक, हे पाणीवाल्या साहेबाला विचारायचं होय?"

मालकानं घाईघाईनं आठ दाबलं. 'चारचौघांत बोललात, चारचौघांतच कबूल करा.'

नऊ दाबलं. 'नाहीतर सोमवारपासून मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसते. बोलणं झालंय.'

"हे काही साहेबाला नसणार," गवंडी म्हणाला.

मालकानं मूठ आपटली. कुणावर? माझ्यावर! चूक त्याची, हसतोय गवंडी, आणि मार मला. अधिकच्या बटणाला तडा गेला. मला हात असते ना, दाखवलं असतं.

गवंड्याला त्यानं सोमवारी यायला सांगितलं आणि समोरच्या दुकानाकडे बघत बसला. बाई तिकडं गेली तर गिऱ्हाइकं तिच्यामागं जाणार, हे त्या बाकालासुद्धा ठाऊक होतं. आणि रिकामं दुकान उघडून बसायचं कुणासाठी? डबा तसाच राहिला. मग त्यानं मांडणी उघडली, चार-सहा जागच्या जागी लावले, आणि पाचला काहीतरी लावलं.

सोमवारी बाक भरलेला. बाई आली, पण बसली नाही. पर्स खांद्यालाच.

"पाच दाब," मालक पुटपुटला.

तिनं उभ्याउभ्या दाबलं. पडद्याकडे बघितलं. "मला दिसत नाही. तुम्हीच वाचा."

चष्मा नाकावर होता हो!

"अगं, समोर तर आहे..."

"वाचा."

"चूक माझी होती."

"मोठ्यानं, मालक," गवंडी म्हणाला. "दाराशी ऐकू येत नाही."

"चूक माझी होती! झालं समाधान?" मालक खेकसला. रागानं का होईना, बोलला.

बाईनं पर्स खुंटीला अडकवली. "नळाचा अर्ज कुणाचा?"

आता मी म्हातारा झालोय. तीन अडकतं, शून्य दोनदा उमटतं. परवा दोघं म्हणत होते, आकड्यांचा पॅड नसलेला सुटसुटीत कीबोर्ड घेऊ. घ्या. माझं काय जातंय? एवढंच सांगतो, बटणं हवी तशी फिरवा, पण ज्याचं बोट त्यांच्यावर असतं त्याला आधी विचारा. आणि मला टाकायच्या आधी एकदा नीट बघा. पाचवर मालकाचं ते वाक्य अजून आहे, आणि आकडा पार पुसला गेलाय. बाई तर तिथं नुसतं बोट टेकवते.

दाबदाबून पुसला कुणी, ते मालकाला विचारा.