घमेल्यावरची फुली

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. पट्टी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर शाळेतली फूटपट्टी येईल, पण ती मी नव्हे. कपड्याच्या आतल्या शिवणीत बोटभर लांबीची गुळगुळीत चिंधी लोंबत असते आणि टोचते म्हणून तुम्ही तिला कात्रीने उडवता, ती मी. माझ्या अंगावर पाच चित्रं छापली आहेत. वाचायला पाटी-पुस्तक लागू नये म्हणूनच ती काढली होती, तरी ती वेळेवर कुणी वाचली नाहीत.

माझा जन्म साकीनाक्याच्या एका गाळ्यातला. पहिलं चित्र पाण्याने भरलेल्या घमेल्याचं, त्यावर फुली: पाण्यात बुडवू नका. मग त्रिकोण, त्यावरही फुली: रंग उडवणारी पावडर लावू नका. चौकोनात गोल आणि फुली: यंत्रात वाळवू नका. चौथी इस्त्री, तिच्या पोटात एकच टिंब: कोमट फिरवा. शेवटच्या गोलात एक इंग्रजी अक्षर: ड्रायक्लीनवाल्याकडे द्या. गाळ्यात शिवणकाम करणाऱ्या प्रेमाने मला काळ्या कोटाच्या डाव्या कुशीत शिवलं आणि शेजारणीला म्हणाली, "एवढी चित्रं काढतात, पण बघतं कोण गं?" मला तिचा राग आला होता. मी स्वतःला त्या कोटाचा वैद्य समजत होते. नवं नवं होतं सगळं, अंगात जरा मस्तीही होती.

अंधेरीच्या एका दुकानात विनिताने तो कोट घेतला. आरशासमोर उभी राहिली आणि तिची मान आपोआप ताठ झाली. दुकानातला निलेश म्हणाला, "झकास बसलाय, मॅडम." तिने किमतीची चिठ्ठी पाहिली, मापाची पाहिली. मी तिसरी होते, माझ्यापर्यंत तिची नजर पोहोचलीच नाही. निलेशनेही काही सांगितलं नाही, कारण त्याला तरी कुठे ठाऊक होतं.

विनिता वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. बाप धर्मा होडीवर जातो, आई मथुरा बाजारात म्हावरं विकते, म्हणजे मासळी. विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात पुढच्या काउंटरवर बसायची नोकरी होती. तिच्या मुलाखतीचं बोलावणं विनिताला आलं होतं आणि कोट घालून या, असं त्यांनी बजावलं होतं. घरातली पहिलीच पदवीधर ती. तिला जमिनीवरची नोकरी मिळावी, वादळाच्या दिवसांत जीव टांगणीला लागू नये, एवढीच मथुरेची इच्छा होती.

कोट घरी आला तसा विनिताने तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या दाराला टांगला. "आये, ह्याला हात नको लावूस हां," ती म्हणाली. का, ते सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. कॉलेजात एकदा एका मुलीने नाकाला रुमाल लावून बाक बदलला होता. विनिताने ती गोष्ट घरात काढली नव्हती, पण त्या दिवसापासून ती आपले कपडे वेगळे ठेवू लागली होती. आई ती, तिला कळायचं ते कळलंच.

मुलाखतीच्या आदल्या दुपारी मथुरा बाजारातून आली. घरात कुणी नव्हतं. विनिता मैत्रिणीकडे, नमिताकडे, प्रश्नोत्तरांचा सराव करायला गेली होती. मथुरेने हात धुतले, पदराला पुसले आणि पिशवी उघडली. फक्त बघायचं म्हणून. कोट छातीशी धरला आणि आरशात पाहिलं. मी तिच्या अंगाला टेकले होते. तिचं काळीज इतकं धडधडत होतं, जणू मुलाखत तिचीच होती. मग तिची नजर कॉलरवर गेली. तिथे माशाचं एक खवलं चिकटलं होतं, टिकलीएवढं, चमकणारं.

तिच्या तोंडचं पाणीच पळालं. खवलं काढलं, पण वास? तिने कोट नाकाशी नेला. कोळणीच्या नाकाला म्हावऱ्याचा वास येतो कुठे? तिला काहीच कळेना, आणि त्यानेच ती जास्त घाबरली. पोर उद्या त्या साहेबांसमोर बसणार, आणि कुणी नाकाला रुमाल लावला तर?

यावरचा उपाय मात्र तिला पाठ होता. विनिताचा शाळेचा गणवेश तिने वर्षानुवर्षं तसाच धुतला होता: कढत पाणी, सोडा, दोन लिंबं आणि ब्रश. पाणी तापवता तापवता तिने कोट उलटा केला आणि तिचा अंगठा माझ्यावर आला. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मला कुणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं. तिने मला डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. घमेलं ठळक होतं, फुली केसाएवढी बारीक. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना घमेलं दिसलं, फुली दिसली नाही.

"घमेला काढलाय," ती स्वतःशीच म्हणाली. "म्हंजे धुवाचाच हाय."

तिचा जीव भांड्यात पडला आणि कोट पाण्यात. मला तोंड असतं तर मी आख्खा कोळीवाडा गोळा केला असता. तोंड नव्हतं. छातीत चिकटवलेला कडक थर कढत पाण्यात सुटत गेला, खांद्यांच्या गाद्या गोळा झाल्या, अस्तर आक्रसलं. ती मात्र मायेने घासत होती. बोंबील वाळत होते त्या बाजूला जाऊ नये म्हणून तिने कोट गच्चीच्या दुसऱ्या टोकाला वाळत घातला आणि राखण करत उन्हात बसून राहिली. मग कडक इस्त्री फिरवली. तेव्हा छातीवर फोडासारखे फुगे उठले आणि बाह्या घासलेल्या पातेल्यासारख्या चमकू लागल्या. फुगे बसावेत म्हणून ती इस्त्री दाबत राहिली.

विनिता संध्याकाळी आली. तिने कोट पाहिला आणि छातीवरच्या फुग्यांवरून बोट फिरवलं.

"तुजे कोटाला वास येल म्हनून धुतला गो बाय," मथुरा म्हणाली. "लिंबू लावलाय. बग, वास नाय."

"सांगितलं होतं ना, हात नको लावू?" विनिता म्हणाली. "तुझा हात लागला की वाट लागते सगळ्याची. सगळ्याची."

मथुरेने आपल्या हातांकडे पाहिलं. मग ते पदराखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी विनिता पंजाबी ड्रेसवर ओढणी घेऊन गेली. नोकरी मिळाली नाही. कोटामुळे की दुसऱ्या कशामुळे, ते तिला कुणी सांगितलं नाही आणि मलाही माहीत नाही. काही दिवसांनी नमिता घरी आली, तिने कोट उलटसुलट केला आणि मला पाहिलं.

"अगं, घमेल्यावर फुली आहे. हा पाण्यात घालायचाच नव्हता."

"तुला वाचता येतं हे?"

"कुठे यार. हे बघ, आत्ता मोबाईलवर शोधलं."

विनिता खाली बसली. हात लावू नकोस, एवढंच तिने आईला सांगितलं होतं. धुवायचा नसतो हे सांगितलं नव्हतं, कारण ते तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "आये, चूक माझी पण होती." मथुरेने मान डोलावली आणि तिला भात वाढला. लांब दांड्याच्या डावाने वाढला, ताटाला हात न लावता.

पुढे पावसाळ्यात विनिताला ताप भरला. मी तेव्हा दारामागच्या खुंटीवर होते, सगळं दिसत होतं. ग्लानीत ती आई आई करत होती. मथुरा धावत आली आणि मोरीकडे वळली. साबणाने हात धुतले, लिंबू चोळलं, पुन्हा धुतले. मग लेकीच्या कपाळावर आधी पंचा ठेवला आणि त्या पंच्यावर हात. विनिताने तो पंचा बाजूला सारला. मथुरेने तो परत ठेवला. विनिता भिंतीकडे तोंड करून रडली, आणि आईला वाटलं की ताप चढला.

आता मी बाजारात असते. मथुरेने कोट बर्फाच्या पेटीवर गुंडाळला आहे. शेजारच्या फळीवर मासळी विकणाऱ्या माणिकने विचारलं, "कोनाचा गो कोट?" मथुरा म्हणाली, "पोरीचा. बर्फ चांगला धरतं." माझी चित्रं पुसट होत चालली आहेत. फुली सगळ्यांत आधी गेली, घमेलं अजून दिसतं.

मित्रांनो, माझं जे व्हायचं ते होऊन गेलं. तुम्ही आज घरी गेलात की आपला एखादा सदरा उलटा करा आणि आतली पट्टी शोधा. तिच्यावर कुठे घमेल्यात हात काढलेला असेल, म्हणजे हातानेच धुवा. कुठे फुली असेल. ती चित्रं स्वतः शिका, आणि मग आईला जवळ बसवून दाखवा. तिचं बोट धरून एकेका चित्रावर ठेवा. पण हे वेळेवर करा. विनिताने नंतर एकदा सगळ्या पट्ट्या दाखवायला आपले कपडे आईसमोर पसरले होते. मथुरेने सगळं नीट ऐकून घेतलं, समजलं म्हणाली, आणि दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिली.