कणकेवरची पाच बोटं

२०२३ सालचा मे महिना होता. बजाजनगरात आवडाबाईच्या पत्र्याच्या शेडमध्ये दर गुरुवारी बायांची रीघ लागायची. प्रत्येकीपुढं परात, परातीत घरचं गव्हाचं पीठ. आवडाबाई, म्हणजे बायांची 'आई', लोटा घेऊन फिरायची आणि पिठावर तीर्थ ओतायची. बाई कणीक मळायची, गोळ्यावर पाच बोटं उमटवायची आणि वर ओलं फडकं टाकायची. मळलेला गोळा पिंडासारखा दिसू नये म्हणून आपल्याकडं बाया त्यावर बोटं उमटवतातच. आवडाबाईनं आपलं सगळं दुकान त्या पाच बोटांवर मांडलं होतं.

तासभर टाळ्या वाजायच्या. "फुग गं माय फुग, पुस गं पाप पुस! डाक्टरच्या गोळ्या उकिरड्यावर!" मग फडकं निघायचं. गोळा दुप्पट झालेला आणि बोटं गायब!

"पुसलं!" आवडाबाई किंचाळायची. "रोग पुसला! गोळ्या बंद!"

त्या गुरुवारी सरूबाईच्या सुनेचे, सोनियाचे ठसे मात्र जसेच्या तसे राहिले. आधीच्या आठवड्यात याच शेडमध्ये सोनिया सासूकडं बघत सगळ्यांदेखत म्हणाली होती, "आत्याबाईंच्या शुगरच्या गोळ्या मी बंद करणार नाय." ते आवडाबाई विसरली नव्हती.

"बघ सरूबाई, घरात पाप कुणाचं ते कणकेनंच सांगितलं. पुढल्या गुरुवारी बी बोटं राहिली, तर हिला पिशोरला माहेरी धाड. नायतर तू वरीस काढीत नाय."

सरूबाईनं मान हलवली. सोनियाचा नवरा शिवम दारात उभा होता. त्यानं खाली बघितलं.

मागच्या ओळीत सोनियाच्या शेजारच्या घरातली ताहेरा बसली होती. वय बहात्तर. नवरा फारूख यांनी शहरात पस्तीस वर्षं पावाची भट्टी चालवली आणि तिनं त्यांच्याबरोबर रोज पहाटे पाव फुगवायचं खमीर भिजवलं. भट्टी बंद झाली, फारूखही गेले. पण तो आंबूस, गोडसर वास तिच्या नाकातून गेला नव्हता. आज शेडमध्ये बसल्या बसल्या तिला तोच वास आला. आणखी एक गोष्ट तिनं हेरली. सोनियाची पाळी आली तेव्हा आवडाबाईनं दुसरा लोटा उचलला, तोही पदरानं धरून. लोटा चटका देत होता.

ताहेराला मालनबाई आठवली. मागच्या दिवाळीत तिनं इथंच शुगरच्या गोळ्या सोडल्या, संक्रांतीला तिचा पाय कापावा लागला, आणि होळी काही तिनं पाहिली नाही. वीस वर्षांची मैत्रीण.

ताहेरा लंगडत पुढं गेली. "आई, गुडघे लई दुखतात. बाटलीत थोडं तीर्थ द्या ना."

आवडाबाईनं पहिल्या लोट्यातलं तीर्थ दिलं. घरी ताहेरानं त्यातल्या थोड्यात कणीक मळली. तासाभरात बोटं मिटली. उरलेलं उकळून गार केलं आणि त्यातल्या घोटभर पाण्यात दुसरा गोळा मळला. बोटं तशीच राहिली. बाकीचं पाणी तिनं बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं आणि सोनियाला हाक मारली.

"रडू नको बेटा. येत्या गुरुवारी त्या आवडाबाईची कणीक अशी बसवते, की परत उठायची नाय."

गुरुवारी शेडमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. ताहेरा उठली. "आई, ही तर पापी घरातली सून. आधी तुम्हीच ठेवून दाखवा. तुम्ही दिलेलं तीर्थ मी जपून ठेवलंय."

"व्हय, व्हय! आईची कणीक!" बाया ओरडल्या.

आवडाबाई खुलली. तिनं ताहेराच्या बाटलीतल्या तीर्थात पीठ मळलं, बोटं दाबली. सोनियानं घरून तांब्यातून आणलेल्या पाण्यात पीठ मळलं, बोटं उमटवली आणि फारूख यांच्या भट्टीतल्या काळ्या पडलेल्या, पाव भाजायच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं.

"तीर्थाबिगर?" आवडाबाई हसली. "ठेव, ठेव."

तासाभरानं फडकी निघाली. सोनियाची कणीक डब्याच्या काठावर आली होती. वर एकही बोट नाही. आवडाबाईच्या गोळ्यावर मात्र पाचही बोटं होती, अंगठीसुद्धा उमटलेली.

बाया वाकून दोन्ही गोळे बघू लागल्या. मग सरूबाईनं विचारलं, "आवडाबाई, आता पाप कुणाचं गं?"

"ते... आज हवाच वंगाळ..."

"माझ्या सुनेला पिशोरला धाड म्हणालीस ना? मग तू कुठं जातीस, बोल!"

बाया उठल्या, तोंडाला येईल ते बोलू लागल्या. आवडाबाईला घाम फुटला. ताहेराच्या एका शब्दानं ती सुटली असती. ताहेरानं तो शब्द काढला नाही. ती मांडी घालून बघत राहिली. मालनबाईचा कापलेला पाय तिच्या डोळ्यांपुढं होता. हा घाम तिला बघायचाच होता.

तेवढ्यात एका बाईनं सोनियाच्या पायांवर डोकं ठेवलं. "सोनियाआई, माझ्या लेकीला बी हात लावा!"

ताहेरा ताडकन उठली. "अगे, उठ! एक आई खाली बसवली, तर तुम्ही दुसरी उभी करता?" तिनं पिशवीतून खमिराचं पाकीट काढलं. "हे बघा. यीस्ट. कुठल्याबी किराणा दुकानात मिळतं. सोनियाच्या तांब्यात हेच होतं, आवडाबाईच्या पहिल्या लोट्यातबी हेच. हा बारीक जीव असतो. कोमट पाणी दिलं की पिठातली साखर खातो, हवा सोडतो, कणीक फुगते. उकळतं पाणी घातलं की मरतो. सोनियाचं मागच्या गुरुवारी आवडाबाईनं मारलं. आज आवडाबाईचं मी उकळून मारलं. ना कुणाचं पाप, ना कुणाचं पुण्य!"

सरूबाई सोनियाजवळ आली. तिनं सोनियाचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मालनबाईच्या लेकीनं पोलिसांत तक्रार दिली. आवडाबाई शेड सोडून गेली. खटला अजून चालू आहे. शिवम आता आईला स्वतः दवाखान्यात नेतो. सोनिया कुकरमध्ये मीठ पसरून, शिट्टी काढून, त्याच डब्यात ब्रेड भाजते आणि नवशिक्या बायांना पाणी कोमट आहे ना, ते आधी बोट घालून बघायला शिकवते. सरूबाई आधी गोळी घेते, मग ब्रेडचा तुकडा मोडते. ताहेरा मागच्या वर्षी गेली. काळा डबा ती सोनियाला देऊन गेली.

मालनबाईला मात्र हे कुणी सांगू शकलं नाही. म्हणून सांगणं एवढंच: फडक्याखाली काय चाललंय ते कळल्याशिवाय कुणापुढं डोकं टेकू नका, आणि गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका.